नऊ अठ्ठेचाळीसची रिकामी ओळ

वहीत त्या दिवशीची वेळ लिहिलेली आहे. नऊ अठ्ठेचाळीस. वेळेपुढं मी एक आडवी रेघ मारली होती आणि रेघेपुढची जागा तशीच सोडली होती, कारण तव्यावर भाकरी होती. म्हटलं, डबे गेले की निवांत लिहू.

डबे त्या दिवशी गेलेच नाहीत. साडेदहाच्या सुमाराला आमच्या मिस्टरांचा फोन वाजला. ते रात्रपाळी करून येऊन पुढच्या खोलीत आडवे झाले होते. पलीकडून कोणीतरी परका माणूस हिंदीत बोलत असावा, कारण मिस्टर म्हणाले, "हां, भाची है हमारी. क्यों?" मी आपली भाकरी थापत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चप्पल घाल."

"कुठं जायचंय?"

"आधी चप्पल घाल गं." मग म्हणाले, "ऋतुजा... सणसवाडीच्या पुढं. ट्रेलरखाली." आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. बसल्यावर हळूच म्हणाले, "ऱ्हायली न्हाई."

मी ऐकलं. मला कळलंही. पण हात थांबले नाहीत. थापलेली भाकरी मी उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी आटायची वाट पाहिली आणि ती उलटली. दुसरा गोळा घेतला. मिस्टर ओरडले, "अगं येडे, काय करतीस? बंद कर तो गॅस!" तेव्हा गॅस बंद केला. आणि माझ्या मनात आलं, ऋतूला हे सांगायला पाहिजे. ती नेहमी म्हणायची, मावशी, हातांना वेगळं कळतं आन् तुला वेगळं. संध्याकाळी आली की सांगू, आज तसंच झालं बघ... ती गेली हे कळल्यानंतरची ही गोष्ट आहे. कळल्यानंतर मी असं ठरवलं. आज सहा आठवडे झाले, तरी त्याचा धक्का मला तिच्या जाण्याइतकाच बसलेला आहे.

ऋतुजा माझ्या धाकट्या बहिणीची, शकूची मुलगी. शकूचं घर दौंडला. मेहुणे रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, त्यामुळं ही पोरं रेल्वेच्या क्वार्टरमध्येच वाढली. आम्ही तिकडं राहायला गेलो की आमचा डोळा लागायचा नाही, कारण घराच्या मागूनच गाड्या जायच्या आणि मांडणीवरची भांडी थरथरायची. ऋतू मात्र गाढ झोपायची. मेहुणे एक गोष्ट नेहमी सांगायचे. ऋतू सात-आठ वर्षांची असताना रोज पहाटे जाणारी एक मालगाडी काही कारणानं आली नाही. बरोबर त्या वेळेला ही पोरगी अंथरुणात उठून बसली आणि विचारायला लागली, "पप्पा, काय झालं? कशाचा आवाज आला?" मेहुणे म्हणाले, "कशाचाच न्हाई आला, झोप." ती म्हणाली, "मग मला उठवलं कुणी?" मेहुण्यांना हसू आलं. पण तिनं तो प्रश्न सोडला नाही. मोठी झाल्यावर मला म्हणाली, "मावशी, गाडी आली तर मी उठत नव्हते आन् न आलेल्या गाडीनं उठले. म्हंजी मी झोपलेली असताना आत कुणीतरी जागं बसलेलं होतं ना? ते कोण?"

बारावीनंतर तिला नगर रोडच्या एका विद्यापीठात कॉम्प्युटरला जागा मिळाली. दौंडहून रोज जाणं-येणं लांब पडत होतं, म्हणून ती आमच्याकडं शिक्रापूरला राहायला आली. आमच्या मागं चार खोल्या आहेत, त्यात कंपनीतली मुलं भाड्यानं राहतात, आणि मी त्यांचे आणि आणखी काही जणांचे मिळून बावीस डबे करते. आम्हाला मूलबाळ नाही. मला जास्त बोलायची सवय नाही. डबा न्यायला आलेल्या मुलांशीसुद्धा मी दाराआडून बोलते, हे ऋतूनं पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि त्या मुलांसमोर माझी नक्कल करून दाखवली. मुलं हसली. मीही आतून हसले, पण बाहेर आले नाही.

दुसऱ्या वर्षाला तिनं एक जादा विषय घेतला. त्याला ते लोक मायनर म्हणतात. मुख्य शिक्षण कॉम्प्युटरचं, आणि जोडीला हा छोटा अभ्यास. आमच्या मिस्टरांना मायनर म्हणजे मोठ्या कॅनॉलमधून फुटणारी पोटचारीच माहीत. ते म्हणाले, "म्हंजी मेन कॅनॉल कॉम्प्युटरचा. आन् मायनरला कशाचं पानी सोडलंय?"

"जाणिवेचं, काका."

"जाणिवंचं? त्याची नोकरी लागती व्हय?"

"न्हाई लागत."

"मग पानी पोचतंय तरी कुठवर?"

"तेच तर कुणाला म्हाईत न्हाई. समदे सर आपापल्या बांधावर उभं राहून वाट बघत्यात."

ती थट्टेत बोलली, पण ते खरंच होतं असं पुढं तिच्या सांगण्यावरून मला कळलं. माणसाला 'मी आहे', 'मला दिसतंय', 'मला दुखतंय' हे जे आतून कळतं, ते काय आहे आणि कुठून येतं, याचा तो अभ्यास होता. आणि तो एकाच्यानं होत नाही म्हणून वेगवेगळ्या विषयांची माणसं शिकवायला यायची. एक मेंदूचे डॉक्टर होते, ते मेंदूचे फोटो दाखवायचे. तत्त्वज्ञानाचे एक म्हातारे सर होते. ऋतू म्हणायची, ते उत्तर कधीच देत नाहीत, प्रश्नच वाढवून घरी पाठवतात. कॉम्प्युटरचे एक सर होते, ते विचारायचे, मशीनला कधी आतून कळायला लागेल का, आणि लागलं तर आपल्याला ते कळणार कसं. आणि या सगळ्यांना एकत्र बांधणाऱ्या मानसशास्त्राच्या एक मॅडम होत्या. ऋतूच्या तोंडी सतत त्यांचंच नाव असायचं.

ती संध्याकाळी साडेपाचच्या पुढं यायची. लांबूनच स्कूटीचा आवाज ओळखू यायचा. आली की हातपाय धुऊन चहा घ्यायची, पण तो दोनदा गाळून, कारण साय तिला अजिबात चालायची नाही. मग मी पुढ्यात लसणाची टोपली ठेवायची आणि ती सोलता सोलता मला दिवसभरात शिकवलेलं सांगायची. एकदा म्हणाली, "मावशी, गूळ गोड कुणाला लागतो? जीभ तर नुसती निरोप देते. मेंदू म्हंजी मांसाचा गोळा. मग गोड लागतं कुणाला?"

"मला लागतं."

"तू म्हंजी कोण पण?"

"मी म्हंजी तुझी मावशी. लसूण सोल, दोनच पाकळ्या झाल्यात मघापासनं."

मला सगळं समजत होतं असं नाही. पण एकदा ती भूल दिल्यावर काय होतं ते सांगत होती, तेव्हा मी न राहवून बोलले. माझं पिशवीचं ऑपरेशन शिरूरला झालं होतं. डॉक्टर म्हणाले, दहापासून उलटे आकडे म्हणा. मी आठपर्यंत आले आणि नर्स म्हणाली, "झालं, मावशी." मी ऋतूला सांगितलं, की झोपेतून उठल्यावर मध्ये वेळ गेला एवढं तरी माणसाला कळतं. तिथं तसं काही नव्हतं. आठ आणि 'झालं' एकमेकांना चिकटलेले होते. मध्ये मी नव्हतेच. तिनं लसूण खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "आमच्या सरांनी तीन तास हेच सांगितलं, आन् मला आत्ता समजलं." चौथी शिकलेल्या बाईला असं कोणी म्हटलं तर काय होतं हे मला सांगता येणार नाही. मी उठून उगाच धुतलेली भांडी परत धुतली.

मग या वर्षी ती वही आली. त्यांना शेवटी एक मोठा प्रोजेक्ट करायचा होता. ऋतूनं आपला जुना, कोपऱ्याला तडा गेलेला फोन मला दिला. त्यात सिम नव्हतं. तिनं त्यात असं काहीतरी बसवलं होतं, की तो दिवसातून पाच-सहा वेळा, केव्हाही, आपला आपण वाजायचा. पाण्यात खडा पडल्यासारखा, टुणकन्. तो वाजला की वाजण्याच्या अगदी आधीच्या क्षणाला मनात काय होतं, ते वहीत लिहायचं. वाजल्यानंतरचं नाही, आधीचं. वर्गातल्या मुलामुलींनी हे केलंच होतं, पण सगळ्यांच्या मनात परीक्षा आणि मोबाईलच निघाले, म्हणून मॅडम म्हणाल्या होत्या, विद्यार्थी नसलेलं कोणीतरी बघा.

मी होकार दिला, पण केलं ते माझ्या पद्धतीनं. शाळेत आम्ही वही तपासायला द्यायचो, तेव्हा आधी पाटीवर कच्चं लिहायचो आणि घरी पक्कं उतरवायचो. मीही संध्याकाळी दिवा लावून झाला की पट्टीनं समास आखून बसायची. फोनमध्ये वाजल्याच्या वेळा राहायच्या, त्या ओळीनं उतरवायची आणि पुढं चांगल्या अक्षरात लिहायची... देवाचं नाव मनात होतं. मिस्टरांच्या तब्येतीची काळजी. देवाचं नाव. ऋतूचा अभ्यास चांगला व्हावा. देवाचं नाव. दहा-बारा दिवसांनी तिनं वही वाचली आणि पोट धरून हसली.

"मावशी, एवढा देव तुझ्या मनात असता तर काल आमटी खारट झाली नसती."

"मग काय लिहू?"

"काकांचा राग आला नसंल एकदाबी?"

"राग लिहायचा असतो व्हय वहीत?"

"जे असंल ते लिहायचं. मनात काय यावं हे तू ठरवत न्हाईस, मग त्यात लाजायचं काय? चांगलं नको मावशी, खरं." ते तिनं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहूनही ठेवलं. चांगलं नको, खरं.

खरं लिहायला मला आणखी चार दिवस लागले. पहिली खरी ओळ अशी होती : जाऊबाईंनी सत्यनारायणाला मला पुढं बसू दिलं नाही, त्याला नऊ वर्षं झाली. ते लिहून मी घाबरून वही तांदळाच्या डब्यात ठेवली. पण मग सवय झाली. डाळीला फोडणी, बाकी काही नाही. गुडघा. त्या बिहारच्या मुलाला आईची आठवण येत असेल. मी म्हातारी दिसते का. एकदा फोन वाजला तेव्हा मनात जे होतं ते लिहू की नको असं झालं, पण लिहिलं : शकूमुळं माझी शाळा सुटली.

तेही खरंच आहे. आई-वडील रानात जायचे आणि शकू सहा महिन्यांची होती. तिला सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पाचवीच्या वर्गात मी गेलेच नाही. पुढं शकू दहावी झाली आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. तिचा राग मी कधी केला नाही, निदान मला तसं वाटत होतं. ऋतूनं ती ओळ वाचली तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "आईला म्हाईत हाय हे?"

"तिला कसं म्हाईत असंल? पाळण्यात होती ती."

त्या दिवशी तिनं न सांगता सगळी भांडी घासली, अगदी कढईचं बूडसुद्धा.

पुढं तिनं मला विचारून, माझं नाव न घेता, काही ओळी वर्गात वाचल्या. घरी आली ती उड्या मारतच. म्हणाली, "सगळा वर्ग गप्प झाला गं. म्हातारे सर म्हणाले, इतकी वर्षं मी हे शिकवतोय, ही बाई ते लिहितीया." आणि मॅडमनी निरोप दिला होता, शेवटच्या सादरीकरणाला त्यांना घेऊन या. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनंही नाद सोडला नाही. "दहा मिनिटं मावशी. बोलायचं मी. तू नुसती बस." मिस्टर म्हणाले, "जा की. ह्या रोडला राहून सगळ्या दुनियेच्या गाड्या मोजल्यास, एकदा स्वतःबी जाऊन ये." शेवटी मी हो म्हटलं. त्या हायवेवर मी स्कूटीवर बसत नाही, ट्रकची मला भीती वाटते. म्हणून ठरलं, की त्या दिवशी दोघींनी बसनं जायचं. सकाळी नऊची बस. तिनं माझी डाळिंबी साडी इस्त्री करून आणली आणि कपाटाच्या दाराला अडकवून ठेवली.

त्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या लवकर उरकायला घेतल्या आणि साडीकडं बघितलं, आणि माझे हात गार पडले. तो वर्ग, ती मुलं, इंग्रजी बोलणारी, आणि सगळ्यांना माहीत की ही ती वहीवाली. ऋतू केस विंचरून पुढं आली, तेव्हा मी म्हणाले, "मला जमायचं न्हाई गं. पाहुणे यायचेत." तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाटावरच्या चिरलेल्या कांद्याकडं बघितलं.

"मावशी, पाहुणे यायचे असते तर तू कांदा जास्त चिरला असता."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. भिंतीवरची स्कूटीची किल्ली घेतली, म्हणाली, "असू दे. फोन तेवढा जवळ ठेव. आज वाजंल तवा खरं लिही. मी वर्गात सांगणार हाय, की माझी मावशी तिकडं बसून या घडीला काय विचार करतीया ते आपण संध्याकाळी बघू." दारातून परत आत डोकावली आणि म्हणाली, "साडी काढू नको तिथली. परत चान्स येईल."

ती गेली. मी भाकऱ्या करत राहिले. नऊ अठ्ठेचाळीसला फोन वाजला.

तिचं किती वाजता झालं हे नक्की कोणी सांगत नाही. वाटेत पेट्रोलला थांबली होती म्हणतात. कोणी साडेनऊ म्हणतं, कोणी दहा. फोन वाजला त्याच्या आधी की नंतर... मी कोणाला विचारलेलं नाही.

संध्याकाळी तिला दौंडला नेलं. शकूला दोन बायकांनी धरलं होतं. मला बघितल्यावर ती त्यांच्या हातातून सुटली आणि माझे दोन्ही दंड धरून म्हणाली, "आक्का, तू असणार होतीस ना तिच्यासंगं? बसनं जाणार होता ना दोघी?" सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. आणि मी म्हणाले, "पाहुणे यायचे होते." तेच, जसंच्या तसं. एकदा खोटं बोलले ते लाजेनं. दुसऱ्यांदा बोलले ते कशानं, मला माहीत नाही. ते आपोआप आलं, भाकरी उलटावी तसं. शकूनं मान हलवली. म्हणाली, "तुझा काय दोष." तिनं दोष नाही म्हटलं आणि मी ते मुकाट घेतलं.

दहाव्याला घाटावर बरीच माणसं होती. आमच्याकडं दशक्रियेला माइक असतो आणि पुढारी बोलतात. पोरगी शिकणारी होती म्हणून जास्तच आले होते. पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना. पलीकडच्या बाभळीवर तीन बसले होते, खाली उतरत नव्हते. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, असं मानतात, म्हणून एकेक जण पुढं होऊन पिंडाला हात जोडून बोलायला लागला. मेहुणे म्हणाले, "पोरी, आईला जपीन." तिचा एक मामा म्हणाला, तिच्या नावानं वाचनालय काढू. कावळे हलेनात. मी बायकांच्या मागं उभी होते. तिचं काय राहिलंय हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं. तिला संध्याकाळी एक ओळ वाचायची होती. पुढं जाऊन मोठ्यानं बोलायचं धाडस मला झालं नाही. मनातच म्हटलं, "लिहीन गं. खरं लिहीन." कावळा आला नाही. ऊन चढायला लागलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

माइकवर कोणी म्हणत होतं, ती देवाला आवडली. कोणी म्हणालं, ती तारा झाली. तेवढ्यात एक साध्या सुती साडीतल्या बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या? तिनं तुमचं नाव कधी सांगितलं नाही. पण पदर बोटाला गुंडाळता हे सांगितलं होतं." त्या मॅडम होत्या. मी गडबडून म्हणाले, "वही घरी आहे, देते पाठवून." त्या म्हणाल्या, "नको. वही तुमची आहे." मग मला काय झालं कोणास ठाऊक, मी परक्या माणसाला कधी काही विचारत नाही, पण विचारलं. "मॅडम, माझं ऑपरेशन झालं होतं तसं असंल का हो तिला आता? मधलं काहीच नसणारं?"

त्या माझ्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही."

त्या दिवशी घाटावर मला तेवढंच एक बोलणं खरं वाटलं.

घरी आल्यापासून तो फोन मी मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला आहे आणि रोज चार्जिंगला लावते. मिस्टर एकदा म्हणाले, "बंद करून टाक गं त्यो, काळजात चर्र होतं." मी केला नाही. तो वाजतो, मी लिहिते. त्या नऊ अठ्ठेचाळीसच्या खाली आता कितीतरी ओळी झाल्या, पण ती ओळ मी ओलांडून पुढं गेले. तशीच रिकामी ठेवली.

परवा शकूचा फोन आला. म्हणाली, "आक्का, तिचं अक्षर असलेलं जे जे असंल ते मला पाहिजे. ती तुझी वही हाय ना, तिच्यात तिनं लाल पेनानं लिहिलंय म्हणत होती. रविवारी न्यायला येते." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवल्यावर वही काढून बसले. शाळेची ओळ तिच्यात आहे. ती शकू वाचेल. ते एक वेळ चालेल, चाळीस वर्षांपूर्वीचं आहे ते. पण ती त्या तारखेवर येणारच. वेळ बघेल आणि रिकामी जागा बघेल. तिला वाटेल, आक्काला दुःखानं लिहिता आलं नाही. पान फाडावं असंही मनात आलं. नाहीतर लिहावं, की देवाचं नाव मनात होतं. शकू त्यावर विश्वास ठेवील. तिला बरंही वाटेल, की त्या वेळेला कोणीतरी देवाचं नाव घेत होतं...

पण वही उघडली की आधी पहिलं पान येतं, आणि त्यावर तिचं लाल अक्षर आहे.

म्हणून आज डबे गेल्यावर दार लावून घेतलं आणि हे सगळं वहीच्या मागच्या पानांवर लिहायला बसले. दुपारच्या कामांना हात लावला नाही. शकूला तोंडानं सांगायला मला जमणार नाही. तिनं वाचावं. पाहुणे येणार नव्हते, शकू. कोणीच येणार नव्हतं. मी गेले असते तर ती बसनं गेली असती. मी भ्याले म्हणून ती स्कूटीवर गेली. आणि फोन वाजला तेव्हा मी तिची काळजी करत नव्हते, देवाचं नावही घेत नव्हते. तिच्या डोळ्यांतलं ते न रागावणंसुद्धा तोवर माझ्या मनातून गेलं होतं. कपाटाच्या दाराला साडी दिसत होती आणि माझे हात परत गरम झाले होते. मला हलकं वाटत होतं. जे होतं ते आता मी रेघेपुढं लिहिलं आहे, त्याच निळ्या पेनानं :

नऊ अठ्ठेचाळीस — बरं झालं गेले नाही. सुटले बाई.

ऋतू म्हणायची, मनात काय यावं हे तू ठरवत नाहीस, त्यात लाजायचं काय. ते तिनं मिस्टरांच्या रागापुरतं सांगितलं होतं. या ओळीबद्दल ती काय म्हणाली असती, ते मला ऐकायचं होतं. कदाचित काही बोलली नसती आणि उठून भांडी घासली असती.

वही मिटली, डोळ्यांना पाणी लावलं आणि चहाचं आधण ठेवलं. दूध तापवलं. मांडणीवर हात फिरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या आधी मनात काय होतं ते मला लगेच सापडलं, आणि सापडल्यावर ओट्याला धरून उभी राहिले. मग पेन घेतलं. शकू, हेही खरं आहे.

पाच छत्तीस — ऋतूला साय चालत नाही, दुसरी गाळणी कुठं गेली.